‘बरां आसा’ म्हणायचं नाही

‘बरा’ या शब्दाशी माझं उभं वैर आहे. कुणी म्हणेल, अगं, एवढ्याशा शब्दानं तुझं काय घोडं मारलंय? मारलंय. म्हणून तर लिहायला बसले.

माझं काम हातांचं. कापलेले, मोडलेले, झटका येऊन लुळे पडलेले हात पुन्हा कामाला लावायचे. मिरजेला शिकले, कराडच्या एका दवाखान्यात काही वर्षं काढली, मग नवऱ्याच्या अकाउंट्सच्या नोकरीपायी कुवेतला आले. इथं ज्या कंपनीत लागले ती सगळे उपचार फोनवरून देते. पेशंट त्याच्या घरी, मी माझ्या घरी. सालमियाच्या फ्लॅटमध्ये लेकीच्या अभ्यासाच्या टेबलावर लॅपटॉप मांडायचा, तिचे रंगीत पेन बाजूला सारायचे, की झाला दवाखाना. कंपनीच्या जाहिरातीत याला मोठमोठी नावं आहेत. मला विचाराल तर हात हातात न घेता हातावर उपचार करायचे म्हणजे फोनवरून कणीक मळायची. सूज दाबून बघता येत नाही, बोट कुठं अडलंय ते चाचपता येत नाही. सगळी मदार माझ्या डोळ्यांवर आणि पेशंटच्या तोंडावर.

त्यातले निम्मे बोलून बोलून जीव खातात. एक बँकेतले साहेब होते, पुण्याचे, खांदा आखडलेला. सकाळी उठताना कसं दुखलं, लिफ्टचं बटण दाबताना कसं दुखलं, उशी बदलल्यावर कसं दुखलं, सगळं साग्रसंगीत. मी मनात म्हणायची, आवरा हो आता! पण त्यांचा खांदा सुटला, कारण कुठं अडतंय ते मला रोज कळत होतं.

आणि दुसऱ्या टोकाला होते मेस्त्री.

मेस्त्री म्हणजे सुतार. कोकणात सुताराला मेस्त्रीच म्हणतात, मीही तेच म्हणायची. पन्नाशीचा माणूस, सिंधुदुर्गातल्या एका खेड्यातला. सुलैबियाच्या वर्कशॉपमध्ये बंगल्यांचे दरवाजे करायचे आणि त्यांवरची नक्षी पटाशीनं, हातानं कोरायचे. राहायला खैतानला, एका खोलीत गाववाल्यांबरोबर. सख्खा मेव्हणाही त्याच खोलीत. एका बंगल्यात दरवाजा बसवताना त्याची काच फुटली आणि मेस्त्रींच्या उजव्या तळव्यात घुसली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मिटवणाऱ्या दोऱ्या तुटल्या. दोऱ्याच म्हणते मी त्यांना, पेशंटला लगेच समजतं. इस्पितळात ऑपरेशन करून त्या शिवल्या आणि मेस्त्री माझ्या पडद्यावर आले.

शिवलेल्या दोरीचं दुखणं असं, की ती हलवली नाही तर आजूबाजूला चिकटून बसते आणि जोर दिला तर तुटते. या दोन्हींच्या मधून तिला तीन महिने न्यायचं. बोटं थोडी थोडी हलवायची, पण उचलायचं काही नाही, ओढायचं काही नाही. मुठीची खरी पकड या दोन बोटांत असते. ती गेली तर मेस्त्रींच्या हातातून पटाशी गेली. पणाला लागलं होतं ते एवढंच, पण मेस्त्रींचं सगळं आयुष्य त्या पटाशीवर होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी फोन डाळीच्या डब्याला टेकवून ठेवला होता. मागं एकावर एक पलंग, दोरीवर वाळत घातलेले बनियन, खिडकीतला घरघरणारा एसी. आणि समोर पट्टीत बांधलेला हात.

"मेस्त्री, कसं आहे?"

"बरां आसा, मॅडम."

"दुखतंय का?"

"नाय, नाय. बरां आसा."

मी पडद्याला नाक लावून बघितलं. बोटं टम्म सुजलेली, कातडी ताणून चकाकत होती.

"बरां कसलं डोंबलाचं? मला इथनं सूज दिसतीय!"

"ती आसा थोडी. पण तसां बरां आसा."

कपाळ माझं! दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. बोट वाकवताना माणसाच्या कपाळावर घाम, आणि तोंडात ‘बरां आसा’. शेवटी मी नियमच केला. सेशनमध्ये हा शब्द तोंडातून निघाला, की व्यायाम पुन्हा पहिल्यापासून. मेस्त्री हसले. खोलीतल्यांना तर खेळच मिळाला. ‘बरां’ ऐकू आलं रे आलं, की मागच्या पलंगावरून मेव्हणा ओरडायचा, "गावलात, भावोजी, गावलात! करा परत!"

एकदा मी चिडून विचारलं, "बरं नसताना बरं म्हणायची ही काय सवय?"

मेस्त्री गंभीर झाले. "मॅडम, वायट बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणता."

खैतानच्या त्या खुराड्याला वास्तू म्हणणारा पहिला माणूस मी बघितला. पण ते मनापासून बोलत होते. मग म्हणाले, "आणि कोणी विचारल्यान, तर तेका आपलां दुखणां कित्याक सांगूचां? विचारल्यान, ह्यांच खूप."

गावी बायकोलाही त्यांनी काही सांगितलं नव्हतं. व्हिडिओवर बोलताना फोन डाव्या हातात धरायचा आणि फक्त तोंड दाखवायचं. मेव्हण्यासकट सगळ्या खोलीला गळ्याची शपथ घातलेली. "ती थंय एकटी. तिका कित्याक घोर?" मी म्हटलं, अहो, तिला कळायला नको का? तर मान खाली घालून पुन्हा बोटं वाकवायला लागले.

राग यायचा, पण हात मात्र सुधारत होता, हे खरंच. सूज उतरली. शेजारचं बोट तळव्याकडे येऊ लागलं, करंगळी त्याच्या मागं मागं. मी त्यांना परातीतल्या तांदळात बोटं फिरवायला लावायची, कपड्यांचे चिमटे हळूच दाबायला लावायची. एक दिवस करंगळीचं टोक तळव्याला टेकलं, तेव्हा खोलीतल्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी इकडं एकटीच टेबलावर हात आपटला. अजून महिना-दीड महिना नीट काढला, की काम फत्ते.

आणि मग एका सकाळी लॅपटॉप उघडला, तर मेस्त्रींचं नाव गायब.

शोधलं तर खाली सापडलं. केस बंद. पेशंट बरा झाल्याचे स्वतः सांगतो. समाधानी. कामावर जाण्यास हरकत नाही. तसं त्यांच्या वर्कशॉपलाही कळवून मोकळे झालेले.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. झालं होतं असं, की कंपनीत एक मुलगी आहे, पेशंटना अधूनमधून फोन करून विचारपूस करणारी. गोड आवाज, गोड हिंदी. मी तिला फोन लावला. ती म्हणाली, "मॅम, उन्होंने खुद बोला. रेकॉर्डिंग है." आणि तिनं मला ते ऐकवलं.

"अब हाथ कैसा है आपका?"

"ठीक है."

"पूरा ठीक?"

"हां, हां, एकदम ठीक. आपकी मेहरबानी."

तो ‘बरां आसा’च होता, हिंदीचे कपडे घातलेला. मी मेस्त्रींचा आवाज ओळखत होते. कुणी आपुलकीनं विचारलं म्हणून माणूस हरखून गेला होता, आणि विचारणाऱ्या पोरीला वाईट वाटू नये म्हणून जरा जास्तच ठीक होत होता.

मी तिला म्हटलं, "अगं, हात बघितला का कुणी? हात!" ती म्हणाली, "मॅम, हम तो सिर्फ कॉल करते हैं." तिच्या वरच्या साहेबाला गाठलं. तो म्हणाला, आमच्याकडे पेशंटचं म्हणणं सर्वांत महत्त्वाचं. त्यानं स्वतः फोन करून तक्रार केली, तर केस पुन्हा उघडू. तुमच्या सांगण्यावरून उघडता येत नाही.

मी त्या साहेबाला काय सांगणार होते? आम्ही तांदूळ संपले तरी संपले म्हणत नाही, वाढले म्हणतो. बांगडी फुटली तर फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. घरातून निघताना जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. कराडला माझ्या माहेरीही हेच. पण तांदूळ वाढले असं एक बाई म्हणते, तेव्हा ऐकणारी दुसरी बाई पिशवी घेऊन वाण्याकडे निघते. तिला कळतं. या लोकांनी ऐकलं, ‘वाढले’ असं लिहून घेतलं, आणि डब्याचं झाकण उघडून बघायची तसदी घेतली नाही. केसेस लवकर बंद झाल्या की साहेब खूश, हेही त्यात आलंच. मला ते त्या पोरीच्या फोनपेक्षा जास्त झोंबलं.

आता मेस्त्रींनी स्वतः फोन करून ‘मी बरा नाही’ म्हणायला हवं होतं. म्हणजे कुणी? मेस्त्रींनी!

पेशंटला स्वतःच्या नंबरवरून फोन करायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. गेला उडत तो नियम. मी फोन करत सुटले. दिवसा बंद, संध्याकाळी उचलत नाहीत. मेव्हण्याचा नंबर माझ्याकडे नव्हता. वर्कशॉपच्या व्हॅनमधून ते पहाटेच सुलैबियाला जात असणार, हे मला न सांगता कळत होतं. घरात माझी चिडचिड इतकी, की नवरा म्हणाला, "अगं, त्या माणसाला तुझ्याइतकी काळजी आहे का बघ आधी." त्यालाही चार शब्द ऐकवले.

शुक्रवारी सुट्टी. दुपारी व्हिडिओ फोन लागला. खोलीत सगळे होते, कुणी माशाचं सार ढवळतंय, कुणी गावी बोलतंय. मेव्हणा पलीकडच्या पलंगावर पाठ करून त्याच्या फोनमध्ये बोलत होता.

"मेस्त्री, पट्टी कुठंय?"

"काढलंय. ती घालून काम होणा नाय."

"मूठ मिटा."

"मॅडम, तसां बरां..."

"मूठ मिटा म्हणते ना!"

त्यांनी हात फोनपुढं धरला आणि मिटला. अंगठा आला, पहिली दोन बोटं आली, शेजारचं बोट अर्ध्यावर येऊन थांबलं. करंगळी ताठ उभी. तळव्याला टेकलेली ती करंगळी, जिच्यासाठी टाळ्या वाजल्या होत्या, ती जागची हलली नाही.

"कधीपासून?"

"मंगळवारी. जिन्यावरसून दरवाजो चढवताना हातात टक् झालां."

दोरी तुटली होती. मला पडद्याच्या या बाजूला समजलं, आणि तो हात धरायला मी तिथं नव्हते.

"मग काय केलंत?"

"फोरमन विचारूक लागलो, क्या हुआ? मी म्हटलंय, कुछ नहीं, ठीक है."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडले. खरंच ओरडले, पलीकडच्या खोलीतून लेक धावत आली. "मेस्त्री, तुमच्या या ठीकनं तुमचा हात घालवला! आत्ताच्या आत्ता कंपनीला फोन लावायचा आणि सांगायचं, बरा नाही म्हणून. आधी माझ्यापुढं म्हणा. म्हणा, बरा नाही!"

"मॅडम, शुक्रवारच्या दिवशी असां वायट..."

"म्हणा!"

सार ढवळणारा थांबला. मेस्त्रींनी ओठ दोनदा हलवले. त्या माणसाला दोरी तुटल्यावर जेवढं कठीण गेलं नसेल, तेवढं ते कठीण जात होतं.

"बरां नाय," ते म्हणाले.

"मोठ्यानं!"

"बरां नाय! हात बरो नाय!"

"काय बरां नाय?" एक बाईचा आवाज आला.

तो माझा नव्हता. खोलीतल्या कुणाचाही नव्हता. मेव्हणा आपल्या फोनवर बहिणीशी बोलत होता, आणि त्याची बहीण म्हणजे मेस्त्रींची बायको. मेव्हणा फोन उशीखाली सारू बघत होता. "अगो, काय नाय गो..."

"फोन बंद केलंस तर बघ! तेंच्या हातात दी."

मेस्त्रींनी फोन घेतला. अर्थातच डाव्या हातात.

"डाव्या हातात कित्याक धरलात? उजवो दाखवा."

त्यांनी उजवा हात वर केला. आता तो हात दोन फोनांपुढं होता, एकात मी आणि एकात ती. मला तिचं तोंड दिसत नव्हतं, नुसता आवाज. आणि तो असा, की मी सालमियात खुर्चीत ताठ बसले.

"इतके दीस बरां आसा, बरां आसा सांगलात. माका काय परकी समाजलात? हयसर मी देवाक रोज सांगतंय, तेंका बरां ठेव. देव तरी काय करतलो, तुमी तेकाय खोटां सांगलात!"

मेव्हण्यालाही तिनं सोडलं नाही. शपथ होती म्हणाला, तर शपथेसकट त्याला धुतला. मला आयुष्यात कुणाचं भांडण ऐकून इतकं बरं वाटलं नव्हतं. बघा, हा मेला शब्द आलाच.

फोन तिनंच करवला. सगळ्यांसमोर, तिथल्या तिथं, सार ढवळणाऱ्याच्या फोनवरून, स्पीकर लावून. शुक्रवारीही कुणीतरी असतंच त्या नंबरवर. तीच गोड आवाजाची मुलगी निघाली. मेस्त्री चाचरत म्हणाले, "वो... ठीक नहीं है." मेव्हण्याच्या फोनमधून बायको, "जोरात सांगा!" "हाथ ठीक नहीं है. अंदर टूट गया." मुलगी म्हणाली, "लेकिन सर, आपने तो..." मेस्त्रींनी तिची समजूत काढायला सुरुवात केली, "नहीं नहीं, आपका गलती नहीं..." तेवढ्यात बायकोनं पुन्हा हाक मारली आणि ते मुद्द्यावर आले.

केस उघडली. दुसरं ऑपरेशन झालं. कंपनीनं याला गैरसमज म्हटलं, चूक म्हटलं नाही. वर मला स्वतःच्या नंबरवरून फोन केल्याबद्दल समज दिली. मी ती ऐकून घेतली आणि साहेबाला तोंडावर विचारलं, "त्या दिवशी हात कुणी बघितला होता?" त्यानं दुसराच विषय काढला.

त्यानंतर सेशनला डाळीच्या डब्याला दोन फोन टेकलेले असायचे. एकात मी, एकात गावाहून ती. कुणी काही म्हणायच्या आधी ती म्हणायची, "ताई, तेंका विचारू नकात. हात बघा." मी हात बघायची. तीही बघायची. सूज माझ्याआधी तिच्या लक्षात यायला लागली.

पट्टी निघाली त्या दिवशी मी मेस्त्रींना हळूहळू सगळं करायला लावलं. शेजारचं बोट निम्म्यापेक्षा थोडं जास्त आलं. करंगळी जरा वाकली आणि थांबली. मी पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा तिथंच थांबली.

"ताई," ती म्हणाली, "एक खरां सांगा. हात पयल्यासारखो होतलो?"

माझ्या जिभेवर होतं, होईल हो बरा. रोज पाच जणांना म्हणते मी ते. तिला कसं कळलं कुणास ठाऊक.

"बरो होतलो म्हणू नकात. पटाशी धरतलो काय, तां सांगा."

मी सांगितलं. "करवत धरेल. तिची मूठ जाड असते. पटाशीची बारीक. तिच्याभोवती ही दोन बोटं नाही मिटणार. कोरीव काम नाही होणार आता."

मेस्त्री आपल्या हाताकडे बघत बसले. मग त्यांनी एक शिवी घातली. अस्सल मालवणी, फोरमनला, त्या दरवाजाला, काचेला, कंपनीला, सगळ्यांना मिळून एक. खोली दचकली.

"ओ! ताईंच्या समोर काय बोलतास?" बायको म्हणाली.

"बोलू द्या त्यांना," मी म्हटलं. "मेस्त्री, आणखी एक घाला."

त्यांनी घातली, पहिल्यापेक्षा लांबलचक. बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला. मग डाव्या हातानं डोळे पुसले आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, कुणी न विचारता, म्हणाले, "दुखता, मॅडम. खूप दुखता."

"कुठं?" मी विचारलं.

त्यांनी हात फोनच्या अगदी जवळ आणला आणि आम्हां दोघींना दाखवू लागले.